मधला गंधार

काल व्हॉट्सॲपवर स्टुडिओचं बिल आलं. तासांचे पैसे ठरल्याप्रमाणे. खाली आणखी एक ओळ: ‘सूर दुरुस्ती, १५०० रु.’ सूर माझा. दुरुस्ती मला न विचारता.

कॉलेजात आमचा चौघांचा ब्लूज बँड होता, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांचा. नाव सांगत नाही, त्या वयात ठेवलेलं आहे. मग नोकऱ्या, लग्नं, हप्ते. २६ वर्षांनी एका मुंजीत चौघं एकाच टेबलावर आलो आणि जिलबी संपायच्या आत रेकॉर्डिंग ठरलं. ड्रमरने ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन बँडचा दाखला दिला: १९८२ला फुटले, १९८९ला पुन्हा जमले, १९९०ला नवा अल्बम. त्यांच्या कन्सोलवर टॉम डाउडसारखा नामवंत निर्माता होता, एवढं सांगायचं तो विसरला.

आमच्या कन्सोलवर तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. तो एरवी लग्नाची गाणी आणि निवडणुकीची प्रचारगीतं करतो. पडद्यावर सुरांच्या आडव्या ओळी आणि त्यातल्या दोन ओळींच्या फटीत माझा सूर, लोकलच्या दारात लटकल्यासारखा.

“काका, गंधार खाली लागलाय.”

“तो तसाच असतो. कोमल आणि शुद्धच्या मधला.”

“काका, इथे ऑप्शन दोनच आहेत.”

“ब्लूज त्या दोघांच्या मध्येच राहतो रे.”

त्याने मान डोलावली. आजारी माणसापुढे डोलावतात तशी. “पण क्लायंटला चालेल का?”

“क्लायंट मीच आहे.”

“तसं नाही. घरी ऐकवणार ना? काकू म्हणतील, पैसे देऊन बेसूर.”

काकू नेमकं हेच म्हणाली असती, म्हणून जास्त राग आला. मी दरबारी रागाचं उदाहरण काढलं. तिथलाही गंधार असा झुलतो, एका जागी उभा राहत नाही, वगैरे.

“तो पण होतो की सरळ! मागच्या आठवड्यात एका क्लासिकलवाल्या मॅडमचा केला.”

“त्यांना कळलं?”

“नाही ना काका. तीच तर क्वालिटी.”

१९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. तिच्यातून मींड निघत नाही, दोन सुरांमधली जागा दाखवता येत नाही, ही तक्रार. बंदी तीस वर्षं टिकली. आमचे आजोबा पेटी वाजवायचे, त्यामुळे त्या बंदीला शिव्या घालायची घरात परंपराच आहे. परवा पहिल्यांदा वाटलं, त्या लोकांचं अगदीच काही चुकलं नव्हतं. आणि पेटी बिचारी स्वतःपुरती सरळ होती, दुसऱ्याच्या गळ्यात हात घालत नव्हती.

ब्लूजचा दादा गायक रॉबर्ट जॉन्सन, त्याने नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओच्या एका हॉटेलच्या खोलीत तीन दिवसांत १६ गाणी दिली. आम्हाला सहा तासांत एक. त्यातला दीड तास बासच्या केबलमधून येणारी घरघर शोधण्यात गेला, आणि त्या दीड तासाचेही पैसे आम्हीच दिले. घरघर त्यांच्या केबलची, मीटर आमचा. शिवाय कानात क्लिकची, म्हणजे ताल धरायला लावलेल्या यंत्राची, टकटक. आमचा ड्रमर त्या टकटकीच्या किंचित मागे रेलून वाजवतो, सगळी मजा त्या रेलण्यात आहे. त्यालाही ओढून चौकोनात बसवलं. पण ती दुरुस्ती बिलात नाही. म्हणजे तो फुकटात सुधारला आणि मी दीड हजारात.

फाइल रिक्षात ऐकली. बाई सोडून गेली, घरात दाणा नाही, असे माझे शब्द, आणि सूर मात्र टू बीएचके विकणाऱ्या जाहिरातीचा. घरी बायकोने ऐकलं. “अय्या, हे तू गायलास? किती सुरात!” २२ वर्षांत पहिल्यांदा.

रात्री स्टुडिओतल्या मुलाला मेसेज टाकला, माझा मूळ गंधार परत पाहिजे.

“मिळेल काका. जुना टेक शोधायचे ५०० होतील.”

पाठवले. फाइल अजून आलेली नाही.