दोन दिवसांत नृत्योपचारक व्हा!

बेळगावच्या शहापुरात माडीवर तुमचा डान्स क्लास आहे. गॅदरिंगं संपली की पोरं गळतात, पावसाळ्यात पत्रे गळतात, भाडं तेवढं गळत नाही. तेव्हा आमचं ऐका आणि पाटीवर ‘थेरपी’ एवढा एक शब्द वाढवा. कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं, ते मात्र विसरू नका, कारण तपासायला येणारे तेवढंच तपासतात. आत काय चाललंय हे बघायला कुणी जिना चढत नाही.

शिकायचं कसं, ही काळजी सोडा. मॅरियन चेस नावाची नर्तकी १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर नाचत काम करत होती. १९६६ साली अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना झाली, तिची पहिली अध्यक्षही तीच. ती माणसं आजही पदव्युत्तर शिक्षण मागतात, वर देखरेखीखाली ७०० तासांचं काम. सातशे! आपली विसर्जनाची मिरवणूकसुद्धा एवढी लांबत नाही. तुम्ही दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घ्या, लॅमिनेट करा आणि नटराजाशेजारी टांगा. अनुभवी उपचारकाची देखरेख हवीच असेल, तर समोरचा चहावाला दिवसभर तुमच्याच खिडकीकडे बघत असतो.

संमतीपत्र घ्या, पण इंग्रजीत. बाई मराठी वाचते, तिच्या सासरी कन्नड बोलतात, म्हणजे घरात कुणालाच ते कळायचं नाही. सही मात्र मराठीत चालेल. तेवढं मातृभाषेचं प्रेम असावं.

आता सेशन. शनिवार, चारची वेळ. खानापूरहून बसनं आलेली एक बाई भिंतीला पाठ लावून उभी आहे, पदराचं टोक मुठीत घट्ट. नृत्योपचारकांची आचारसंहिता म्हणते, हात लावण्याआधी विचारा, आणि ती नको म्हणाली तर तिथंच थांबा. असं थांबत बसलात तर साडेचारची बॅच कधी घेणार? सरळ मनगट धरून तिला मधोमध ओढा, स्पीकर मोठा करा. “लाजतीस कशाला गं? सोड की अंग!” मूठ सुटत नाही. बाई रडायला लागते. रडणं म्हणजे थेरपी लागू पडली. लगेच मोबाइल काढा.

त्या रडण्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवताना खाली ‘भावनांचा निचरा’ लिहायला विसरू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये. पण ते दवाखान्यांचं झालं. तुमचा तर क्लास आहे! क्लास कधी म्हणायचं आणि थेरपी कधी, एवढं कळलं की निम्मा कोर्स झाला. बाई खडेबाजारातून स्टँडवर पोचेपर्यंत तिच्या नणंदेनं स्टेटस पाहिलेला असतो. बेळगाव म्हणजे काय मुंबई आहे?

तिचीच मुलगी तुमच्याकडे भरतनाट्यम शिकत असेल तर दुधात साखर. उपचार घेणाऱ्याशी दुसरे संबंध जोडू नयेत, असं संहिता लिहिणाऱ्यांना वाटतं. त्यांना कधी दोन फिया एकत्र वसूल कराव्या लागलेल्या दिसत नाहीत. आईनं सेशनमध्ये सांगितलेलं मुलीला तालमीत ऐकवा: “आईला त्रास देऊ नकोस हं, ती रात्रभर झोपत नाही.”

पुढच्या शनिवारी बाई येत नाही. मुलगीही नाही. फोन लागत नाही. वही उघडा आणि बाईच्या नावापुढं लाल पेनानं लिहा: ‘पूर्ण बरी.’