‘अठरा पूर्ण होईपर्यंत काही मिळत नाही’ म्हणे!

इथं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. अपंग मुलाला १८ वर्षांपर्यंत पेन्शन नाही. महाराष्ट्रातलं सर्टिफिकेट इथं रद्दी. अपंगत्व डोळ्यांना दिसलं नाही तर डॉक्टर हाकलतात. त्यापेक्षा महाराष्ट्रात, चंदगडच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर तिकडच्या ‘संजय गांधी’ निराधार योजनेचे पैसे सुरू करा. माझी मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळं हातापायांवर ताबा राहत नाही. हाच सल्ला मला पूर्वी तोंडी मिळाला होता आणि त्यापायी माझी दोन वर्षं गेली, म्हणून लिहितेय.

आधी ते १८. आकडा हवेतला नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग पेन्शनला वय १८, अपंगत्व ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं घर लागतं. पण कर्नाटक सरकारच्या अंगविकल मासाशनाला, म्हणजे अपंगांच्या मासिक पेन्शनला, वयाची अट नाही. अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर असेल तर महिन्याला ८०० रुपये, ७५ च्या वर १,४००. घोडं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. वर्षाला ३२,००० ची मर्यादा! रोज हजेरीला जाणारा गवंडीसुद्धा त्यात बसत नाही. मेसेजवाल्यानं याबद्दल बोंब मारली असती तर मीच आधी फॉरवर्ड केला असता.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम ५८ आहे, त्यानुसार सर्टिफिकेट देशभर चालतं. काउंटरवर मात्र यूडीआयडी कार्डच (अपंगांचं देशभरचं ओळखपत्र) विचारतात, तेव्हा ते काढून ठेवा.

‘दिसणारं अपंगत्व’ हे जुन्या कायद्याच्या काळातलं डोकं. तेव्हा सातच प्रकार होते, आता २१ आहेत. ऑटिझम, थॅलेसेमिया, वाचन-लेखनाची अक्षमता, सगळं त्यात आलं.

आणि खरं अडतं कुठं, ते मेसेजमध्ये नाहीच. आधारवर. माझ्या पोरीच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात. मशीनवाला म्हणतो, ‘बोटं सरळ धरा’. मी एकेक बोट उलगडायची, की मनगट आत वळायचं. दुसरं बोट धरेपर्यंत पहिलं मिटलेलं. तीन वेळा रांग लावली, तीन वेळा ‘पुढच्या वेळी बघू’. ठसे येत नसतील तर चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा फोटो काढून ‘अपवाद’ म्हणून नोंद करता येते, हे चौथ्या वेळी रांगेतल्या एका आजींनी सांगितलं, मशीनवाल्यानं नव्हे.

आता पाहुण्यांचा पत्ता. ‘संजय गांधी’ला महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. रेशन कार्ड इथलं, आधार इथलं, शाळा इथली आणि अर्ज तिकडं, असं खोटं किती दिवस टिकणार? हा सीमाभाग मिळावा म्हणून महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात २००४ साली लावलेल्या दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पोरीची फिजिओथेरपी या आठवड्यातली आहे.

तिच्यासाठी ‘निरामय’ बघा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यात थेरपीचाही खर्च धरतात, आणि श्रीमंत-गरीब बघून दार बंद करत नाहीत. आमच्याकडं हे नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं.

राहिली भाषा. फॉर्म कानडीत असतो, खरंय. पण तक्रार करायची तर घटनेच्या कलम ३५० प्रमाणं राज्यात बोलल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो, म्हणजे मराठीतही. आणि ग्रामपंचायतीत अपंगांच्या कामासाठी एक पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो, त्याला गाठा. आमच्या पंचायतीतला पोरगा स्वतः कुबडीवर चालतो. माझा फॉर्म त्यानंच कानडीत भरला, ओळ न् ओळ मला मराठीत सांगत. खाली सही मी मराठीत केली, तर म्हणाला, ‘अक्का, चालतंय की!’