‘व्हॉल्व्हचं इन्फेक्शन गोळ्यांनीच बरं होतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला गावातल्या एका पोराचा फोन आला. त्याचे वडील नागपूरला भरती, नववा दिवस. "भाऊ, बाबाले दीड महिना काहून ठेवून रायले? मी काय धाडलं ते पाय. गोळ्याईनच बरं होते म्हंते." त्यानं धाडलेला मेसेज मी आधीच तीन ग्रुपवर पाहिला होता. तो थोडक्यात असा:

"हृदयाच्या व्हॉल्व्हला इन्फेक्शन झालं की दीड महिना इंजेक्शनं देत भरती ठेवतात, ही लूट आहे. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ४०० पेशंटवर सिद्ध केलं की गोळ्यांनीच बरं होतं. तीन-तीनदा रक्त काढतात ते बिलासाठी. ताप आला की आधी अँटिबायोटिक घ्या, तपासण्या नंतर. इको नॉर्मल आला की हृदयाची काळजी सोडा. ऑपरेशन सांगितलं तर इन्फेक्शन पूर्ण जाईपर्यंत थांबा. शेअर करा, कुणाचं तरी घर वाचेल."

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एकवीस वर्षांपासून लॅब चालवतो. रक्त काढणं हे माझं रोजचं काम, म्हणून मेसेजचा क्रम सोडून मी रक्तापासूनच सुरू करतो. सगळ्यात जास्त नुकसान त्याच वाक्यानं होणार आहे.

"तीन-तीनदा रक्त काढतात ते बिलासाठी. आधी अँटिबायोटिक घ्या."

आधी आजार काय ते सांगतो. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह (हृदयातली झडप) आधीच बिघडलेला असतो. आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे लहानपणी घसा धरून नंतर येणारा सांध्यांचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. अशा खडबडीत व्हॉल्व्हवर रक्तातून फिरणारे जंतू चिकटतात, त्यांच्याभोवती रक्ताच्या गुठळीसारखी गाठ तयार होते आणि त्या गाठीतून जंतू रक्तात सुटत राहतात. पण किती सुटतात? मोठ्या माणसाच्या एक मिली रक्तात पुष्कळदा दहाही नसतात, कधी एखादाच. तो शोधायचा तर रक्त भरपूर लागतं. एका बाटलीत ८ ते १० मिली, दोन बाटल्यांचा एक संच, असे तीन संच, तेही वेगवेगळ्या शिरांमधून आणि मध्ये अंतर ठेवून. सगळं मिळून साठेक मिली. रक्तदानात आपण ३५० मिली देतो.

तीनदा का, तर कातडीवरही जंतू असतात. सुई नीट पुसलेल्या जागी गेली नाही तर तेच बाटलीत उतरतात. एकाच बाटलीत काही उगवलं तर ते कातडीवरचं असू शकतं. तिन्ही वेळी तोच जंतू उगवला तर तो रक्तातलाच. जंतू सापडला की कोणतं औषध त्याला मारतं आणि किती मात्रा लागते तेही कळतं. पुढचा सगळा इलाज या बाटल्यांवर उभा असतो. आणि अँटिबायोटिकचे दोन-चार डोस पोटात गेले की बाटलीत जंतू उगवण्याची शक्यता खूप घटते. कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत उगवून पाहणं) कोरं येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी मोठी वहिनी. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, व्हॉल्व्ह थोडा गळतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एका वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तिला बारीक ताप सुरू झाला. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, सकाळी पुन्हा कंबरेला ओटी बांधून शेतात. टायफॉइडची विडाल तपासणी मीच केली आणि १:८० लिहून दिलं. असं एका नमुन्यावरचं प्रमाण (टायटर) आपल्या भागात धडधाकट माणसातही निघतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी घरात "टायफॉइड निघाला" झालं आणि मी गप्प बसलो. पाच दिवसांचा कोर्स झाला, ताप उतरला. आठ दिवसांनी परत आला, परत कोर्स. दोन महिन्यांत असं तीनदा झालं. मग एका दुपारी कपाशीच्या ओळीत बसल्या बसल्या तिच्या डाव्या हातातून बोंड गळून पडलं आणि हात उचललाच जाईना. व्हॉल्व्हवरच्या गाठीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला होता. मोठ्या दवाखान्यात सहा बाटल्या लावल्या, पाच दिवस ठेवल्या, एकीतही काही उगवलं नाही. डॉक्टरांना अंदाजानं औषधं द्यावी लागली. जंतू कळला असता तर कदाचित एकावर भागलं असतं, तिथं तीन-तीन औषधं चालली. व्हॉल्व्ह बदलावा लागला. वहिनी वाचली, पण डाव्या हाताची पकड अजून आली नाही. त्या वर्षापासून मी कुणालाही नुसत्या विडालवर टायफॉइडची चिठ्ठी देत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. माणूस थंडी वाजून थरथरतोय, बीपी पडलाय, शुद्ध हरपतेय, तर कल्चरसाठी ताटकळत बसायचं नसतं. काही मिनिटांत जेवढं रक्त मिळेल तेवढं घ्यायचं आणि लगेच औषध सुरू करायचं. पण महिनाभर बारीक ताप असलेला, चालता-बोलता माणूस, आणि त्यात व्हॉल्व्ह बिघडलेला, त्याच्यासाठी पहिल्या गोळीआधी बाटल्या भरायला वेळ असतो.

आपल्या गावांसाठी यात आणखी एक भर आहे. काही जंतू या बाटल्यांत सहसा उगवतच नाहीत, उदाहरणार्थ क्यू फीव्हरचा. तो शेळ्या-मेंढ्या आणि गाईंकडून येतो, विशेषतः जनावर विताना. ब्रुसेला कच्च्या दुधातून येतो आणि बाटलीत सावकाश उगवतो. त्यांच्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते, पण ती लिहायची डॉक्टरांना आठवण तेव्हा होईल जेव्हा आपण सांगू की घरी शेळ्या आहेत, परवाच एक व्याली आणि वार मी हातानं काढली.

"डेन्मार्कच्या डॉक्टरांनी सिद्ध केलं..."

हा अभ्यास खरा आहे. २०१८ साली जाहीर झाला, ‘पोएट’ नावानं ओळखला जातो, आणि त्यात खरंच ४०० पेशंट होते. मेसेज लिहिणाऱ्यानं आकडा बरोबर दिला, पण पेशंट कोण होते ते गाळलं.

पहिली गोष्ट, त्या प्रत्येकाच्या रक्तात जंतू सापडलेला होता, आणि तोही ठरावीक चार प्रकारांपैकी एक. म्हणजे मेसेज ज्या कल्चरला बिल वाढवणं म्हणतो, ते झाल्याशिवाय या अभ्यासात कुणाला प्रवेशच नव्हता. दुसरी, प्रत्येकाला किमान दहा दिवस शिरेतून औषध मिळालं होतं. गोळ्यांकडे वळायचं की नाही ही वाटणी सरासरी सतराव्या दिवशी झाली. तिसरी, ताप गेलेला, रक्ताच्या तपासणीत दिसणारी शरीरातली सूज उतरलेली, आणि अन्ननळीतून नळी घालून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हॉल्व्हजवळ पू साठलेला नाही हे ताजं तपासलेलं. शंभरातल्या अडतीस जणांचं तर व्हॉल्व्हचं ऑपरेशन आधीच झालं होतं. सुमारे दोन हजार पेशंट चाळून हे ४०० निवडले. मग अर्ध्यांना उरलेला कोर्स शिरेतून दिला, अर्ध्यांना दोन वेगवेगळ्या प्रकारच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. घरी गेलेल्यांना आठवड्यातून दोन-तीनदा तपासायला बोलावलं जायचं.

निकाल असा: मृत्यू, अचानक करावं लागलेलं हृदयाचं ऑपरेशन, गुठळी सुटणं किंवा तोच जंतू रक्तात परतणं, यांपैकी काही ना काही शिरेतून औषध घेणाऱ्या १२.१ टक्के लोकांना झालं आणि गोळ्या घेणाऱ्या ९ टक्क्यांना. म्हणजे गोळ्या कमी पडल्या नाहीत. ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. दीड महिना नागपूरला किंवा सेवाग्रामला राहायचं म्हणजे वेचणी बुडते, बैलांना पाणी पाजायला शेजारी शोधावा लागतो, सोबत राहणाऱ्याची मजुरी जाते. मेसेज वाचून ज्यांना राग येतो त्यांचा राग खोटा नाही. पण ‘पोएट’नं दाखवलं ते एवढंच की निवडक माणसाचा शेवटचा टप्पा गोळ्यांवर होऊ शकतो. ‘पहिल्या दिवसापासून गोळ्या’ असं त्यात तपासलेलंच नाही.

का नाही, ते त्या गाठीकडे पाहिलं की कळतं. गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आत जंतू दाटीवाटीनं बसलेले, अर्धवट झोपलेले, आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथं धड पोचत नाहीत. बहुतेक अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूला लवकर मारतात, झोपलेल्याला सावकाश. म्हणून मोठी मात्रा, म्हणून चार ते सहा आठवडे. पेनिसिलिन येण्याआधी या आजारात जवळपास सगळेच मरत. ते आल्यावरही सुरुवातीला थोडं औषध थोडे दिवस दिलं तेव्हा ताप उतरायचा आणि परत यायचा. वहिनीच्या तीन कोर्सनी तेच केलं.

"इको नॉर्मल आला की काळजी सोडा."

छातीवरून केलेला टूडी इको चांगली तपासणी आहे, पण मूळच्या व्हॉल्व्हवरच्या गाठी त्यात साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांशच सापडतात. अन्ननळीतून केलेल्या इकोत नव्वद टक्क्यांच्या वर. संशय दाट असेल तर तोही नॉर्मल आल्यावर पाच-सात दिवसांनी पुन्हा करतात, कारण लहान गाठ तेवढ्यात मोठी होऊन दिसू लागते. निदान एका रिपोर्टवर होतही नाही. कल्चर, इको, ताप, आधीचा व्हॉल्व्हचा दोष हे सगळं जोडून ते करायचे निकष अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९४ साली मांडले. २००० मध्ये ते सुधारले आणि २०२३ मध्ये पुन्हा, तेव्हा पेट-सीटीसारख्या तपासण्याही त्यात आल्या.

"इन्फेक्शन जाईपर्यंत ऑपरेशन थांबवा."

कोरियात ७६ पेशंटवर झालेला अभ्यास २०१२ साली छापून आला. व्हॉल्व्ह खूप बिघडलेला आणि गाठ मोठी असे हे लोक. ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्या ३७ पैकी एकाला दवाखान्यात मृत्यू किंवा सहा आठवड्यांत गुठळी सुटणं यातलं काही झालं. नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्या ३९ पैकी नऊ जणांना. प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असं नाही, पण सर्जन आज म्हणत असेल तर थांबण्यात काय धोका असतो ते वहिनीच्या हातावरून मला माहीत आहे.

मेसेजखाली एकानं लिहिलं होतं, "मी दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतो, मला काही होत नाही." दादा, ते इंजेक्शन चुकवू नका, पण ते घशाच्या जंतूपासून राखतं, म्हणजे व्हॉल्व्ह आणखी खराब होऊ नये म्हणून. व्हॉल्व्हवर जंतू बसण्यापासून ते वाचवेल असं धरून चालू नका. तोंडातले जंतू हिरड्यांतूनच रक्तात जातात. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणं आणि किडलेला दात वेळेवर दाखवणं तुमच्या हातात आहे. कृत्रिम व्हॉल्व्ह असेल किंवा हे इन्फेक्शन आधी होऊन गेलं असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्याला तसं सांगा, अशा पेशंटला आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो.

त्या पोराच्या बाबांचं रक्त मीच काढलं होतं. आमच्या इथल्या डॉक्टरांनी त्यांना एकही अँटिबायोटिक न देता माझ्याकडे पाठवलं. दोन्ही हातांच्या शिरांतून तीन वेळा, दर वेळी स्पिरिट पूर्ण वाळू दिलं, बाटलीचं रबर पुसलं. सहा बाटल्या पिशवीत घालून संध्याकाळच्या एसटीनं यवतमाळला. फ्रिजमध्ये नाही, थंडीनं जंतू उगवायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी फोन आला: सहाही बाटल्यांत तोंडातला स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू, पेनिसिलिननं मरणारा.

हे सगळं मी त्या रात्री पोराला फोनवर सांगितलं आणि म्हटलं, राउंडला डॉक्टर आले की भांडू नको, चार गोष्टी विचार. ताप किती दिवसांपासून नाही? रक्ताच्या तपासणीतली सूज किती उतरली? अन्ननळीतला इको परत कधी? आणि तो चांगला आला तर बाबांचा उरलेला कोर्स गोळ्यांवर होईल का? दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. ताप पाच दिवसांपासून नाही. इको सोमवारी आहे. डॉक्टर म्हणाले, सोमवारचं पाहू, मग गोळ्यांचं बोलू.