काळा कागद, आठ दिवस आणि ‘निर्जंतुक’ जमीन

“मे महिन्यात वाफ्यावर काळा प्लास्टिक कागद अंथरा, आठ दिवसांत जमीन निर्जंतुक, मर रोग कायमचा गेला,” असा मेसेज फिरतोय. यातला मे महिना तेवढा बरोबर!

उन्हाने माती तापवून मर रोगाची, म्हणजे झाडं सुकवणारी, बुरशी मारायची असते; त्यासाठी कागद पारदर्शक हवा. काळा कागद ऊन स्वतःच पितो आणि माती कमी तापते. २५ मायक्रॉनचा पातळ कागद चालतो. अंथरण्याआधी वाफा भरपूर भिजवा, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि बुरशी लवकर मरते. कागद मातीला चिकटून बसवा, कडा मातीत गाडा आणि ४ ते ६ आठवडे हात लावू नका. इस्राएलमध्ये शास्त्रज्ञ काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली ही पद्धत मांडली, तीही पारदर्शक कागदावरच.

आणि ‘कायमचा’ तर नाहीच. खालच्या थरातली बुरशी उरते. लव्हाळा या तणाच्या जमिनीतल्या गाठीही बऱ्याचदा वाचतात. कोबीचा पाला आधी मातीत मिसळला तर कुजताना निघणारे वायू कागदाखाली कोंडून परिणाम वाढतो. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मात्र कागद काढल्यावरच, कुजलेल्या शेणखतातून द्या. आधी टाकलात तर रोगाच्या बुरशीबरोबर तोही भाजून निघेल.