टाकाऊतून टर्बो

माझ्या गाडीत ताकद कमी आहे, हे मला एका मालवाहू ट्रकने दाखवून दिले. चढावर त्याला मागे टाकण्यासाठी मी गाडी बाहेर काढली आणि ती बराच वेळ त्याच्या शेजारीच, सोबतीला आल्यासारखी धावत राहिली. ट्रकचालकाने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा समोरच्या रस्त्याकडे पाहिले आणि शेवटी दया येऊन त्यानेच आपला वेग कमी केला. त्या रात्री मी इंजिनाची ताकद वाढवण्याचे उपाय वाचायला बसलो. नवी गाडी घेणे किंवा मोठे इंजिन बसवणे माझ्या ऐपतीत नव्हते. पण टर्बोचार्जरचे तत्त्व वाचले आणि आयुष्यात प्रथमच एखादे यंत्र आपल्या स्वभावाचे निघाल्याचा आनंद झाला.

टर्बोचार्जर हे मुळात काटकसरी माणसाचे यंत्र आहे. जाळलेल्या पेट्रोलमधील साधारण एक तृतीयांश ऊर्जा इंजिन तापलेल्या धुराच्या रूपाने सायलेन्सरवाटे नुसती बाहेर फेकून देते. त्या धुराच्या वाटेत पात्यांचे एक चक्र बसवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र ठेवायचे आणि धुराने एक फिरले की दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येते आणि तेवढ्याच इंजिनातून अधिक ताकद निघते. साबणाची झिजलेली चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याहून थोर कल्पना कोणती वाटणार? आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट मागितले आणि ती डिझेल इंजिनावर यशस्वी करून दाखवायला त्याला 1925 साल उजाडले. हा तपशीलही मी वाचला होता, पण मेकॅनिककडे मात्र दोन रविवार मागितले.

खर्चासाठी मी एक वही केली. पहिल्या पानावर दोनच नोंदी होत्या : ‘टर्बो’ आणि ‘इतर’. पुढची हकिगत ही बहुतांशी त्या दुसऱ्या शब्दाची आहे.

टर्बो स्वस्तात मिळाला, कारण तो भंगारात निघालेल्या एका मोठ्या डिझेल गाडीचा होता. माझी गाडी लहान आणि पेट्रोलची. मेकॅनिकनी तो हातात घेऊन दांडा हलवून पाहिला, आडवा किंचित हलला तर चालतो, मागेपुढे हलता कामा नये, असे सांगितले आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “साहेब, हा थोरल्या भावाचा शर्ट आहे. शिवाय डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. तुमच्या इंजिनाच्या धुरात हा जपून वापरावा लागेल.” थोरल्या भावाचे शर्ट वापरूनच लहानाचे मोठे झालेल्या माणसाला हा आक्षेप वाटलाच नाही.

कागदावर माझा हिशेब निर्दोष होता. वातावरणाचा दाब साधारण 1 बार असतो. त्यावर टर्बोने अर्धा बार चढवला की हवा दीडपट, म्हणून ताकदही दीडपट. या त्रैराशिकात एक गोष्ट राहून गेली होती. हवा दाबली की ती तापते; अर्ध्या बारालाच ती पन्नासेक अंशांनी तापू शकते, आणि तापलेली हवा पसरते, म्हणजे जी गर्दी करायला आपण निघालो ती थोडीफार पांगतेच. शिवाय सिलिंडरात अशी गरम, दाबलेली हवा गेली की मिश्रण भलत्याच वेळी आपणहून पेट घेते आणि पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. म्हणून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर हवा. वहीत ‘इतर’खाली पहिली नोंद झाली.

पुढचा अडथळा गाडीच्या कॉम्प्युटरचा. बिगरटर्बो गाडीत हवेचा दाब मोजणारा जो सेन्सर असतो, त्याचे जग वातावरणाच्या दाबापाशी संपते; त्यापलीकडे आपण कितीही हवा कोंबली तरी तो प्रामाणिकपणे “एक बार” असेच कळवत राहतो आणि कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवून तेवढेच पेट्रोल सोडतो. पेट्रोल पुरते जाळायला एका भागाला 14.7 भाग हवा लागते. टर्बोच्या जोरात तर पेट्रोल त्याहूनही सढळ सोडावे लागते, नाहीतर पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येते. म्हणजे सेन्सर नवा, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे आणि कॉम्प्युटरची शिकवणी वेगळी. पत्नीने वही उघडून पाहिली आणि विचारले, “अहो, हवा फुकट असते ना?” मी हो म्हणालो. हवा फुकटच होती.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली ती इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा जुना नळ, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, काढण्यापासून आणि पहिला रविवार तिथेच संपला. तापून-गार होऊन गंजलेल्या, तो इंजिनाला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या खिळ्यांपैकी, म्हणजे स्टडांपैकी, पहिले तीन सुखरूप निघाले. चौथ्याला मेकॅनिकनी तेल पाजले, गॅसच्या ज्योतीने शेकले, हळुवार पाना लावला आणि मीच अधीर होऊन म्हणालो, “जरा जोर लावून बघा.” टक्क असा बारीकसा आवाज आला आणि स्टडचे अर्धे अंग पान्यात व अर्धे इंजिनात राहिले. त्यानंतर मेकॅनिकनी माझ्यासाठी गॅरेजच्या दारापाशी एक स्टूल ठेवले आणि तिथून न हलण्याची विनंती केली.

परंतु माझ्या काटकसरीची खरी परीक्षा झाली ती ऑइलच्या पाइपाने. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल इंजिनातून दाबाने येते, पण बेअरिंगमधून बाहेर पडते तेव्हा त्याचा सगळा दाब संपलेला असतो. फेसाळलेले ते ऑइल केवळ उताराने खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये परत जाते. म्हणून परतीचा पाइप जाड, सरळ आणि सतत उतरता असावा लागतो. मेकॅनिकनी तसा पाइप सांगितला होता. मी घरी पडून असलेला एक बारीक पाइप आणून दिला आणि तो थोडा लांब भरल्यामुळे कापून वाया घालवण्याऐवजी एका ठिकाणी वर वळवून घ्यायला लावला. पाणी उताराने जाते, हे मी शाळेत शिकलो होतो. ऑइललाही तोच नियम लागू असेल, हे मात्र सुचले नाही.

गाडी सुरू झाली. पाच मिनिटे सगळे इतके सुरळीत चालले, की मी स्टुलावरून उठून मेकॅनिकचे अभिनंदन केले. नंतर परतीची वाट तुंबलेले ऑइल बेअरिंगच्या सीलमधून मिळेल तिकडे निघाले आणि सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर येऊ लागला. धूर म्हणजे किती, तर डास मारणारी गाडी आली असे समजून आसपासच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. एका वृद्ध गृहस्थांनी तेवढ्या धुरातून चालत येऊन पुढच्या गल्लीतही फिरून जा असे सांगितले. ‘इतर’खाली त्या दिवशी चार नोंदी झाल्या, त्यांतली एक योग्य जाडीच्या पाइपाची होती.

विमा कंपनीला हा बदल कळवला. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्यापेक्षा स्टड काढणे सोपे होते, एवढेच सांगतो.

मध्यंतरी निराश अवस्थेत मी इतिहासाकडे वळलो आणि मला फार धीर आला. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलची जेटफायर ही टर्बो असलेली गाडी बाजारात आली. त्या इंजिनाला नॉकिंगपासून वाचवण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून पुरवावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. पुढे कित्येकांनी टर्बोच काढून टाकून साधा कार्बुरेटर बसवून घेतला. कारखान्यातून टर्बोसकट आलेल्या गाडीची ही कथा, तर भंगारातून आणलेल्या माझ्या टर्बोने दोनदा होजपाइप उडवला आणि एकदा क्लच घसरवला, यात त्याचा फारसा दोष मानण्याचे कारण नाही. मेकॅनिकनी अखेर दाब अर्ध्या बारावरून 0.3 बारावर आणला आणि वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेच्या, नटावर रंगाची खूण केली, म्हणजे मी चोरून फिरवला तर त्यांना कळावे.

आता गाडी चालते. थोरल्या भावाचा शर्ट असल्यामुळे त्यात वारा भरायला वेळ लागतो, एवढेच. परवा त्याच चढावर तसाच एक ट्रक पुढे आला. मी गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. पहिल्यांदा काहीच झाले नाही. मी आणि ट्रक पुन्हा सोबतीने चढू लागलो. इंजिनाचे फेरे वाढत गेले, चार हजारांच्या पुढे काटा गेला आणि बॉनेटखालून एक बारीक शीळ ऐकू येऊन गाडीने अशी काही उसळी घेतली, की पाठ आसनाला टेकली. तोपर्यंत ट्रक डावीकडच्या रस्त्याला वळून गेला होता. मोकळ्या रस्त्यावर कोणालाही मागे न टाकता मी तो चढ पूर्वीपेक्षा अर्धा मिनिट लवकर चढलो.

घरी पोहोचल्यावर मात्र इंजिन लगेच बंद करता येत नाही. जोरात चालून आलेला टर्बो इतका तापलेला असतो, की ऑइलचा पुरवठा अचानक थांबला तर बेअरिंगमधले ऑइल करपून त्याची काजळी होते. म्हणून गाडी उभी करून मी एक मिनिट इंजिन तसेच चालू ठेवून आत बसून राहतो. परवाही बसलो होतो. पत्नीने गॅलरीतून पाहिले, घड्याळात पाहिले, चढावरचा अर्धा मिनिट माझ्याच तोंडून ऐकून घेतला आणि आत जाऊन वही काढून राहिलेला अर्धा मिनिट ‘इतर’खाली मांडून ठेवला.