दिसला का?

गेल्या शनिवारी मुसंदमच्या खाडीत ३२ माणसांना डॉल्फिन दिसले. गलबतावर आम्ही ३३ होतो.

मुसंदम हा ओमानचा तुकडा, पण ओमानपासून तुटलेला. मधे अमिराती पसरल्यामुळे मस्कतच्या माणसालाही रस्त्याने आपल्याच देशाच्या या टोकाला यायचं तर आधी परदेश ओलांडावा लागतो. आम्ही शारजात राहतो, आम्हाला जवळ. सरहद्दीवर बाहेर पडायचे ३५ दिरहॅम, ओमानपुरता गाडीचा वेगळा विमा, ‘कागद तुझ्याकडे दिला होता’, ‘माझ्याकडे कधी?’ हे सगळं यथासांग पार पडलं. ते सोडून देतो. पुढे डोंगर समुद्रात पाय सोडून बसलेत आणि त्यांच्या पावलांवरून, पाण्याला खेटून, खसब या गावापर्यंत रस्ता. झाड औषधाला नाही.

धाऊ म्हणजे आपलं गलबतच. वर गालिचे, लोड, तक्के. लग्नाच्या बोलणीची बैठक कोणीतरी उचलून समुद्रात सोडल्यासारखी. चपला काढून मी डाव्या कडेला बसलो. ही बाजू लक्षात ठेवा.

मी बायकोला “पाण्याची बाटली दे” एवढंच म्हणालो आणि शेजारच्या लोडामागून आवाज आला, “मराठी का?”

नातवाची टोपी, गळ्यात दुर्बीण, मांडीवर चिवड्याचा डबा. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले काका.

“मूळचे कुठले?”

“सातारा.”

“साताऱ्यात कुठे?”

“गावातच.”

“गावात कुठे?”

हे प्रश्न कुठे थांबतात मला माहीत आहे. घराचा जिना कोणत्या दिशेला होता, इथे. तेवढ्यात धाऊ खोर शममध्ये शिरली म्हणून वाचलो.

खोर शम ही साधारण १६ किलोमीटर आत घुसलेली खाडी. दोन्ही बाजूंना उभे, भाजलेल्या रंगाचे कडे. याला ‘अरबस्तानचा नॉर्वे’ म्हणून विकतात. नॉर्वेच्या खाड्या हिमनद्यांनी कोरल्या. इथे बर्फाचा काय संबंध? अरबी भूखंडाचं हे टोक इराणच्या बाजूला खाली खाली दबतंय, दऱ्या बुडाल्या आणि समुद्र आत आला, झाली खाडी. पण ‘बुडालेल्या दऱ्या बघायला चला’ म्हटलं तर तिकीट कोण काढणार? आपल्याकडेही प्रत्येक डोंगराला कोणाचं तरी स्वित्झर्लंड व्हावं लागतंच.

“डॉल्फिन! राइट साइड!” खलाशी ओरडला.

मी उठलो, दोन मुलं, एक बाबागाडी आणि कोणाच्या तरी आजी ओलांडून उजवीकडे पोचलो. पाणी. नुसतं पाणी.

“लेफ्ट साइड!”

परत आजी, बाबागाडी, मुलं. पाणी.

खलाशाने सगळ्यांना शिट्ट्या मारायला, टाळ्या वाजवायला लावलं. मला शीळ येत नाही. काकांनी दोन बोटं तोंडात घालून तमाशाच्या फडात शोभेल अशी शिट्टी ठोकली. खरं तर डॉल्फिनला आपल्या शिट्टीचं सोयरसुतक नसतं, ते पुढून उठणाऱ्या लाटेवर घसरायला येतात, म्हणून तांडेल वेग वाढवतो. हे मी बायकोला समजावून सांगत असतानाच, म्हणे, तीन एकदम उडाले.

“काय सुंदर!” काका म्हणाले. “बघितलंत ना?”

इथे मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “नाही, चुकलं जरा.”

काकांचा चेहरा असा झाला, की मी जेवलोच नाही असं कोणीतरी त्यांना सांगितलंय. ते उठले. तांडेलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अख्ख्या गलबताला ऐकू जाईल असं म्हणाले, “कॅप्टन, स्टॉप! धिस मॅन हॅज नॉट सीन!”

आणि तांडेलाने खरोखर धाऊ वळवली.

आता बत्तीस जण समुद्राकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. आजीसुद्धा. एका पोराने मला त्याची जागा दिली. दहा मिनिटं मी पाण्याकडे टक लावून उभा, पाठीला बत्तीस नजरा, आणि काकांचं समालोचन: “तिकडे नको, खाली बघा. अहो, खाली! लाटेच्या पोटात बघा.” ऊन डोक्यावर. कोणीतरी जेवण कधी मिळणार म्हणून विचारलं, तेही माझ्याकडे बघून.

शेवटी मी ओरडलो, “दिसला!”

टाळ्या पडल्या. मी हात जोडणारच होतो.

“कुठे?” काकांनी दुर्बीण लावली.

“तो काय, काळा.”

“अहो, तो जाळ्याचा बोया आहे.” मग मागे वळून, “नो, नो! ही हॅज नॉट सीन!”

आयुष्यभर वीज मंडळात मीटर तपासलेल्या माणसाशी खोटं बोलायला गेलो, माझीच चूक. पण मला एक सांगा, माझ्या न दिसण्याशी यांचं काय घेणं होतं? मी तिकीट काढलंय, मी बघीन नाहीतर डोळे मिटून पडीन!

पुढे टेलिग्राफ बेट आलं. एक छोटासा खडक. इंग्रजांनी १८६४ मध्ये आखातातून हिंदुस्थान आणि विलायत जोडणारी तारेची केबल टाकली, तिचं ठाणं काही वर्षं इथे होतं. कारकून या तापलेल्या दगडावर बसून दुसऱ्यांचे निरोप पुढे ढकलत होते. स्वतःचं काही नाही, फक्त ‘अमक्याने अमकं पाहिलं’ हे पुढे कळवायचं. मला त्यांच्याबद्दल एकदम जवळीक वाटली. लोक पाण्यात उतरले, खलाशाने माशांना केळी टाकली. त्यातलं एक माझं होतं.

येताना कड्याखाली पाच-सात घरांची वस्ती दिसली. रस्ता नाही, पिण्याचं पाणीसुद्धा होडीने येतं. दारात एक बाई कपडे वाळत घालत होती आणि आमच्या गलबतावरून निदान वीस मोबाइल तिच्यावर रोखलेले. तिला कोणी विचारलं का, की बाई, तुला आम्ही दिसलो तर चालेल का? ती मात्र एकदाही वळली नाही. शहाणी.

जेवणात भात, डाळ, कोंबडी. काकांनी स्वतःच्या ताटातली तंगडी माझ्या ताटात ठेवली. “घ्या. तुम्हाला काहीच दिसलं नाही.” धक्क्यावर त्यांचा मुलगा न्यायला आला होता, त्याला माझी ओळखही तशीच करून दिली: “हे डॉल्फिन न दिसलेले. साताऱ्याचे.” नंबर घेतला. खसब सोडेपर्यंत अकरा व्हिडिओ आले. नऊमध्ये पाणी, एकात त्यांचा अंगठा, एकात पाण्याकडे टक लावून उभा असलेला मी.

संध्याकाळी सरहद्दीवर अमिरातीच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळत हसून विचारलं, “खसब? डॉल्फिन?”

मी मागे बघितलं. दोन गाड्या सोडून तिसऱ्या गाडीच्या काचेतून एक नातवाची टोपी डोकावत होती.

“थ्री,” मी हळूच म्हणालो.

“अरे, पाच सांग,” बायको म्हणाली, “सगळ्यांनी पाच पाहिलेत.”