'मीर', 'मला', 'नाकु' : इंग्रजी पक्की केली की बाकीच्या भाषा सोप्या जातात का?

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सगळं जग इंग्रजी बोलतं. कॉलेजात जर्मन, जपानी शिकण्यात वर्षं घालवू नका. एक इंग्रजी पक्की करा, म्हणजे पुढे लागलीच तर दुसरी भाषा सोपी जाते. आणि काही अडलं तर फोन भाषांतर करून देतोच.

मी कॉलेजच्या मुलांना जर्मन शिकवते. हा मेसेज वाचून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

'सगळं जग इंग्रजी बोलतं.' दुसरी-तिसरी भाषा म्हणून बोलणारे धरले तरी इंग्रजी येणारे साधारण दीडशे कोटी आहेत आणि जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर आहे. ज्या देशांत जायची स्वप्नं आपली मुलं बघतात, तिथलेच नियम बघा. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता हवी, तर साधारणपणे जर्मनची बी-२ पातळी, म्हणजे कामावर न अडखळता बोलता येण्याइतकी भाषा, लागते. जपानने एप्रिल २०१९ पासून कुशल कामगारांसाठी जो नवा व्हिसा सुरू केला, त्यालाही जपानीची परीक्षा आहे. तिथे इंग्रजीचे मार्क कोणी विचारत नाही.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळे ते बघून आलोय. डॉक्टरकीचं शिक्षण इंग्रजीतून घेतलेला हा सोलापूरचा मुलगा १९३८ मध्ये चीनला गेला, तिथली भाषा शिकला, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्याने वैद्यक शिकवलं ते चिनीतून. आजही ते लोक त्यांना 'के दीहुआ' या चिनी नावाने ओळखतात.

आता मेसेजमधला मला सगळ्यात जास्त खटकणारा भाग : 'इंग्रजी पक्की असली की दुसरी भाषा सोपी जाते.' शब्दांपुरतं हे खरं आहे. 'वासर' बघून 'वॉटर' आठवतं, 'हाउस' तर तसंच्या तसं. पण वाक्य करायला घेतलं की हीच इंग्रजी आडवी येते. थंडी वाजतेय हे सांगायला माझे विद्यार्थी मनात आधी 'आय अ‍ॅम कोल्ड' हे इंग्रजी वाक्य जुळवतात आणि 'इश बिन काल्ट' म्हणतात. जर्मन माणसाला त्यातून 'मी भावनाशून्य आहे' असं काहीतरी ऐकू येतं. बरोबर वाक्य आहे 'मीर इस्ट काल्ट'. मीर म्हणजे मला. थंडी मला वाजते, हे मराठी मुलाला शिकवावं लागतं का?

पुस्तक आवडलं, हेही तसंच. 'डास बुख गेफेल्ट मीर', म्हणजे ते पुस्तक मला आवडतं. सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या माझ्या मुलांच्या घरी तेलुगूत म्हणतात 'नाकु इष्टं', अक्कलकोटकडच्या मुलीच्या घरी कन्नडमध्ये 'ननगे इष्ट', आणि उर्दूत 'मुझे पसंद है'. चारही घरांत आवड 'मला'पाशीच येते. फक्त इंग्रजीत ती 'मी'पासून सुरू होते, आणि आम्ही नेमकी तीच वाट धरून जर्मनकडे निघतो!

'कारण मी आजारी आहे' या वाक्यात क्रियापद शेवटी. जर्मनमध्येही 'वाइल इश क्रांक बिन', 'बिन' म्हणजे 'आहे', क्रियापद शेवटी. पेपरात मात्र 'वाइल इश बिन क्रांक' येतं, इंग्रजीच्या चालीवर, आणि मार्क जातात. लिंगं जर्मनमध्ये तीन, मराठीतही तीन. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे पाठ करावंच लागतं, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आपल्या मुलांना नवल वाटायला नको. तरी वाटतं, कारण वर्गात ती मराठी बाहेर ठेवून बसतात. शाळेपासून त्यांना हेच सांगितलं गेलंय की घरची भाषा अभ्यासाच्या कामाची नाही. या एका समजुतीने हुशार मुलांचं जे नुकसान होतं, ते मी दर सत्रात बघते आणि मला त्याचा फार त्रास होतो.

फोनचं म्हणाल, तर पाटी वाचायला तो चांगला आहे. रात्रपाळीत कळवळणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटशी बोलताना नर्सने फोन पुढे करायचा का, हे पालकांनीच सांगावं.

इंग्रजी शिकूच नये, असं मी कुठल्याच मुलाला म्हणणार नाही. ती यायलाच हवी. चूक माझ्याकडूनही झाली : इतकी वर्षं फळ्यावर जर्मन शब्दापुढे अर्थ मी इंग्रजीतच लिहीत आले. या सत्रापासून ते बंद केलंय. वहीच्या डाव्या बाजूला जर्मन वाक्य आणि उजवीकडे ज्याच्या घरी जे बोलतात ते, मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू. पहिल्याच तासाला 'मीर'समोर मुलांनी फळ्यावर तीन लिप्यांत 'मला' लिहिलं, आणि उर्दूवालीने चौथ्या लिपीत लिहायला खडू मागून घेतला.